जाईच्या नावाचा सर्व्हर

विश्वजीत कळमनुरीकरनं आयुष्यात फार थोड्या गोष्टी स्वतः निवडल्या होत्या. नोकरी मिळाली ती धरली, घरच्यांनी सुनीतीचं स्थळ आणलं ते पसंत पडलं, हिंगोलीत वडिलांचं घर होतं म्हणून हिंगोलीतच राहिला. पण सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची, हे ठरवायला त्यानं आख्खा पावसाळा घालवला.

करोनाचा तो पहिला पावसाळा. विश्वजीत कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि कॉलेज बंद होतं. सुनीती तहसील कार्यालयात कारकून, तिला मात्र रोज जावं लागे. घरी बाप आणि सहा वर्षांची जाई. जाई तान्ही असतानाच तिला थॅलेसेमिया निघाला होता. अंगात धड रक्त तयार होत नाही; दर तीन आठवड्यांनी बाहेरचं चढवायचं, तरच लेकरू हसतं-खेळतं. आईबापांच्या रक्तात तोच दोष झोपलेला होता, म्हणून दोघांनाही डॉक्टरांनी रक्त द्यायला मनाई केलेली. स्वतःच्या लेकीला द्यायला दोघांकडं थेंबभर नव्हतं. लोकांपुढं हात पसरण्यावाचून इलाज नव्हता.

ते त्यांनी सहा वर्षं केलं. कॉलेजची पोरं यायची, तहसीलातले लोक यायचे. पण लॉकडाऊन लागलं, शिबिरं थांबली आणि रक्तपेढीचा फ्रीज रिकामा झाला. जाई पांढरीफटक पडत चालली, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहायची आणि म्हणायची, "बाबा, थोडं थांबून जाऊ." विश्वजीत दिवसभर फोन करत बसे. दवाखान्यात तिच्या शेजारच्या कॉटवर गोरेगावजवळच्या तांड्यावरचा भावसिंग असे, तिच्याच वयाचा आणि तिच्याच रक्तगटाचा. त्याचा बाप धर्मसिंग गोरेगाव-सेनगाव-हिंगोली अशी जीप चालवायचा. त्याची जीपही बंद होती. फोन करावा अशी माणसंही त्याच्याकडं फारशी नव्हती.

"सर, तुमी कॉम्प्युटरवाले," तो एकदा म्हणाला. "ह्याचं काई करता येत न्हाई का? दरखेपी कुणाकुणाला फोन लावावं माणसानं?"

विश्वजीतच्या डोक्यात ते बसलं. जिल्हाभरातल्या रक्तदात्यांनी एकदा नाव, गाव, रक्तगट नोंदवायचा. कोणत्या लेकराला कधी रक्त लागणार ते मशीनला ठाऊक. तारीख आठवड्यावर आली की जवळपासच्या, ज्यांना रक्त देऊन तीन-चार महिने उलटलेत अशाच माणसांना मशीननं आपणहून मेसेज धाडायचा. यात कठीण काही नव्हतं. बंद पडलेल्या एका पतसंस्थेतलं जुनं मशीन त्याला तसंच मिळालं. आता त्यावर सिस्टिम कोणती?

त्याचा जुना विद्यार्थी चिन्मय पुण्यात नोकरीला होता. तो फोनवर म्हणाला, "सर, कोणतीही लिनक्स टाका, फ्रीच आहेत सगळ्या. लेटेस्ट घ्या म्हणजे झालं."

"लेटेस्ट नको मला," विश्वजीत म्हणाला. "सहा महिन्यांनी परत मागं लागणारी नको. एकदा बसवली की विसरता आली पाहिजे. मी नसलो तरी चालली पाहिजे."

तो वाचत सुटला. प्रत्येक सिस्टिमचं एक वर्ष ठरलेलं असतं. तोवर तिच्यातली भोकं बुजवणारी दुरुस्ती येत राहते, त्यानंतर तिला वाली नसतो. कुणाची मुदत दोन वर्षं, कुणाची पाच. एक मात्र सापडली जिला एका मोठ्या कंपनीचा आधार होता आणि मुदत होती दोन हजार एकोणतीस. विश्वजीतनं मनातल्या मनात हिशेब केला. संध्याकाळी सुनीती पायावर पाणी घेऊन घरात आली तेव्हा तो म्हणाला, "सापडली. जाई पंधरा वर्षांची होईस्तोवर हात लावायला नको."

सुनीती टॉवेलनं तोंड पुसत होती. ती थांबली. "मशीनची वर्षं मशीनपाशी ठेवा. तिच्या वयाशी कशाला जोडता?"

"सहज म्हटलं."

"सहजही म्हणू नका."

खंडेनवमीला घरच्या विळी-कात्रीशेजारी त्यांनी ते मशीनही मांडलं. जाईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल पंख्याच्या जाळीत खोचलं, ते विश्वजीतला नंतर चिमट्यानं काढावं लागलं. गावातल्या एका साप्ताहिकानं बातमी छापली. वर जाईचा दोन वेण्यांचा फोटो. ती बातमी फोनाफोनांवरून जिल्हाभर फिरली. वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, कुठून कुठून लोकांनी नावं नोंदवली. महिन्याभरात मशीनच्या पोटात हजाराच्या वर माणसं जमली.

आणि डिसेंबरात बातमी आली की त्या कंपनीनं बेत बदलला. एकोणतीसपर्यंतचं वचन रद्द. सिस्टिमचा आधार पुढच्याच वर्षाअखेर संपणार.

जगभरात कितीतरी जणांनी त्या दिवशी हळहळ केली असेल. त्यांच्या कामाची खोटी झाली असेल, एवढंच. विश्वजीत मात्र खुर्चीत बसला तो उठेना. तो देवभोळा नव्हता. पत्रिका पाहणाऱ्या वडिलांशी त्यानं तारुण्यात वाद घातले होते. तरी त्याच्या मनात जे आलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, सुनीतीला तर नाहीच. तिनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही. सिस्टिम बदलावी लागेल."

या वेळी त्यानं डेबियन नावाची लिनक्स घेतली. ती कुणा एका कंपनीची नव्हती. जगभरची माणसं आपापल्या घरून तिला सांभाळत होती, कुणाच्या मर्जीनं ती बंद पडण्यातली नव्हती. तिच्यातही त्यानं ताजी आवृत्ती टाळून मुरलेली घेतली. मुदत चोवीसच्या जूनपर्यंत. या वेळी त्यानं कसलाही हिशेब केला नाही. पण प्रोग्राम लिहिताना एक काळजी घेतली: कुणी हात न लावता तो चालावा. लेकराला रक्त चढलं की पुढची तारीख मशीननं स्वतः तीन आठवड्यांनी पुढं ढकलावी. मेसेजात वय असे, तेही दरवर्षी बदलायला नको म्हणून जन्मतारखेवरून मशीननंच मोजावं.

एकवीसच्या उन्हाळ्यात करोना पुन्हा उसळला. माणसं पटापट जात होती, रक्त द्यायला घराबाहेर कोण पडणार? तरी मशीननं मेसेज धाडले की कुणी ना कुणी तोंडाला रुमाल बांधून रक्तपेढीच्या दारात उभं राहायचं. आखाडा बाळापूरहून एक जण मोटारसायकलवर आला, पोलिसांना मोबाइलमधला मेसेज दाखवत दाखवत. धर्मसिंगनं विश्वजीतचे दोन्ही हात धरले. "तुमच्या मशीननं लेकरं वाचवली, सर." विश्वजीतला त्या वर्षी पहिल्यांदा धड झोप लागू लागली.

रक्ताची वाण जाईला पुन्हा कधी पडली नाही. आला तो दुसरा वैरी. बाहेरून चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं. त्यावर गोळ्या असतात; त्या कधी मिळत, कधी नांदेडहून आणाव्या लागत, आणि आणल्या तरी जाईच्या पोटात टिकत नसत. तिचा रंग काळवंडत गेला, पोट सुटलं, वयाच्या मानानं ती खुरटी राहिली. तेवीसच्या श्रावणात तिला ताप भरला. नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, लोह हृदयात उतरलंय. चौथ्या दिवशी सकाळी सुनीती तिच्या केसांत कंगवा फिरवत होती तेव्हा ती गेली. वेणी एकाच बाजूची घातलेली होती.

नंतरच्या दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. माणसं आली, बसली, गेली. सुनीती पंधरवड्यानं कामावर रुजू झाली. विश्वजीत वर्गात फळ्यावर जे लिहायचं ते लिहायचा आणि घरी यायचा. बाहेरच्या खोलीत कपाटात मशीन चालू होतं. त्या खोलीचं दार सुनीती लोटून ठेवी. मशीन बंद करावं असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही, कारण त्यावर आणखी दहा-बारा लेकरं होती. मशीनकडं बघावं असंही कुणी म्हणालं नाही. ते बिचारं काही मागतही नव्हतं. लाइट गेली की थांबायचं, आली की आपणहून उठायचं. विश्वजीतनं तसंच तर बसवलं होतं.

असं वर्ष गेलं. चोवीसच्या पावसाळ्यात विश्वजीत जुन्या बसस्टँडसमोर छत्रीला काडी बसवून घेत होता. एक दणकट माणूस मोटारसायकल थांबवून जवळ आला. "ओळखलं का सर? मी बाळापूरचा वैजनाथ. लॉकडाऊनमध्ये आलो होतो रक्त द्यायला."

"हो, हो," विश्वजीत म्हणाला.

"परवाच देऊन आलो परत. कशी हाय आपली जाई? दहा पुरे झाले की तिला. मेसेज आला की बायको म्हणती, पोरगी मोठी होऊन राहिली बघा."

छत्रीवाल्यानं छत्री पुढं केली. विश्वजीतनं ती घेतली आणि न उघडताच पावसातून चालू लागला. मागून वैजनाथ काहीतरी म्हणत होता.

घरी येऊन त्यानं वर्षभर लोटलेलं दार उघडलं. मशीनला मॉनिटर जोडला. धाडलेले मेसेज तिथं एकाखाली एक होते. दर तीन आठवड्यांनी. *जाई, वय ९ वर्षे, हिंगोली. रक्तगट बी पॉझिटिव्ह. आपली मदत हवी आहे.* मग जानेवारीपासून, *वय १० वर्षे.* त्यानं तिचं नाव काढलंच नव्हतं. त्याला ते सुचलं नव्हतं, आणि मशीनला कळायचा दुसरा मार्ग नव्हता. पण तारीख पुढं ढकलायची तर रक्तपेढीतून कुणीतरी 'रक्त मिळालं' अशी खूण करावी लागे. ती खूण दरखेपी झालेली होती.

तो तसाच भिजलेला रक्तपेढीत गेला. तिथली टेक्निशियन निलम त्याला पाहताच उभी राहिली. काय विचारायचं ते त्याला विचारावंच लागलं नाही.

"सर, लोक यायचे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "जाईसाठी आलो म्हणायचे. पहिल्यांदा मी सांगणार होते. पण त्याच दिवशी भावसिंगला लागत होतं, त्याच ग्रुपचं. मग मी म्हटलं, बसा. नंतर तसंच चालू राहिलं. जाईच्या नावानं सात-आठ जण येतात सर. बाकीच्या लेकरांच्या नावानं कधी एखादा येतो, कधी तोही न्हाई."

"मला सांगायचं होतंस."

"कसं सांगणार होते?"

विश्वजीत घरी आला आणि त्यानं मशीनची वायर भिंतीतून उपटली. पंखा फिरत फिरत थांबला. सुनीती संध्याकाळी आली. खोलीचं दार सताड उघडं आणि आत मशीन गप्प. तिनं विचारलं, त्यानं सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "दहा वर्षांची म्हणाला तो?"

"हो."

ती उठून देवापाशी गेली. दिवा लावायची वेळ झाली होती, पण तिनं दिवा लावला नाही.

त्यानंतर रक्ताचे फोन येऊ लागले. कुणाचे आईबाप, कधी निलम. विश्वजीत फोन उचलत नसे. मनात येई, एक साधा मेसेज धाडून लोकांना खरं सांगून टाकावं. पण त्यासाठी ते मशीन सुरू करावं लागलं असतं. पाऊस संपला, दसरा झाला, दिवाळीही गेली. एका रविवारी सकाळी धर्मसिंग दारात आला. पायरीवरच बसला, आत ये म्हटलं तरी येईना.

"मशीन बंद पडलं का, सर?"

"मी बंद केलं."

धर्मसिंगनं मान हलवली. "पोराला दीड महिना झाला रक्त न्हाई. नांदेडला नेलं, तिथं म्हणले माणूस आणा. माझं तर चालतच न्हाई. तांड्यावरचे दोघं नेले, त्यांचं रक्तच कमी भरलं. आता पोरगं उठून बसत न्हाई. म्हणतं, बापू, उजेड नको."

आतून सुनीती आली होती. तिनं विचारलं, "आत्ता कुठं आहे तो?"

"जीपमधीच हाय, वैनी. सीटवर निजवलाय. घेऊनच आलतो."

सुनीती चप्पल न घालता रस्त्यावर गेली. विश्वजीत मागोमाग. भावसिंग मागच्या सीटवर पांघरुणात होता. ओठ मातीच्या रंगाचे. अकरावं लागलेलं पोरगं सातेक वर्षांचं दिसत होतं, आणि त्याच्या पोटाचा आकार, गालावरचा तो काळपट रंग, विश्वजीतनं हे सारं पाहिलेलं होतं. पुढं काय होतं तेही पाहिलेलं होतं.

त्या दिवशी कॉलेजातल्या एका शिपायाला गाठून त्यांनी एका पिशवीची सोय केली. दुपारी भावसिंगच्या दंडात रक्त चालू झालं. तो निजला तेव्हा विश्वजीत धर्मसिंगला म्हणाला, "मी चालू करतो परत."

जुनं होतं तसं चालू करण्यात अर्थ नव्हता. त्या सिस्टिमची मुदत जूनमध्येच सरली होती. हजारभर माणसांचे फोन आणि रक्तगट पोटात घेऊन ती आता इंटरनेटवर उघडी ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. पुन्हा निवडायचं आलं. चिन्मयनं फोनवर बरंच सांगितलं. मशीन घरात ठेवण्याचे दिवस गेले, भाड्यानं घ्या, अमुक घ्या, तमुक त्याहून भारी. पूर्वीचा विश्वजीत वहीभर प्रश्न विचारता. आता तो नुसता हं हं करत होता.

"सर, ऐकताय ना?"

"ऐकतोय. डेबियनच टाकतो. नवी."

"चालेल की. अठ्ठावीसच्या जूनपर्यंत बघायला नको."

बाहेर उन्हात कुणीतरी सोयाबीनची पोती ट्रॅक्टरवरून नेत होतं. अठ्ठावीस. हिशेब करायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण तो आपोआप झाला. चौदा.

नवी सिस्टिम बसली. जुन्यातली नावं नव्यात भरताना तो जाईपाशी आला. तिथं हात थांबला, पण फार वेळ नाही. ते नाव त्यानं गाळलं. आणि दात्यांना एक मेसेज लिहिला, की जाई गेल्या वर्षी वारली, आपण सर्वांनी तिच्यासाठी जे केलं त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत, बाकीच्या लेकरांसाठी असंच येत राहा. लिहिला, आणि धाडणं मात्र त्याच्यानं होईना. तेवढा मेसेज पडद्यावर तसाच राहिला.

भावसिंगची तारीख आली. मशीननं मेसेज धाडले. *भावसिंग, वय १० वर्षे, तांडा, गोरेगाव.* एकही माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा धाडले. एकाचा फोन आला; त्यानं विचारलं, ही तीच सरांच्या मुलीवाली योजना का? हो म्हटल्यावर म्हणाला, जाईला लागलं की कळवा, नक्की येतो.

संध्याकाळी धर्मसिंग आला. या वेळी तो आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली.

"सर, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल."

"जाईच्याच नावानं जाऊ द्या ना मेसेज."

विश्वजीतला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"तिच्या नावाला लोक येतेत," धर्मसिंग म्हणाला. "तिचा फोटू लोकांनी पाहिलाय. आमचं नाव वाचून कोण येतंय? मी जीप चालवतो, मला ठाऊक हाय माणूस कुणासाठी थांबतंय अन् कुणासाठी न्हाई."

"ती गेली आहे, धर्मसिंग."

"मला न्हाई का ठाऊक? मी होतो की तवा तुमच्या संगं."

"लोकांना काय म्हणून खोटं सांगायचं? आणि किती दिवस? भावसिंगचं," विश्वजीत अडखळला. पण बोलायला सुरुवात झाली होती. "त्याचं लोह वाढलंय. दिसतंय मला. नुसत्या रक्तानं भागणार नाही आता."

"सांगितलं डॉक्टरनं."

"काय सांगितलं?"

"तेच. जे तुमाला सांगितलं व्हतं." धर्मसिंगनं टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "मंग काय करू सर? आणायचं बंद करू का त्याला? घरी निजवून बघत बसू?"

स्वयंपाकघराच्या दारात सुनीती उभी होती. तिच्या हातात चहाचे कप होते आणि तिनं ते कुणाला दिले नाहीत.

"घाला तिचं नाव," ती म्हणाली.

"सुनीती, अगं..."

"घाला म्हणते ना. दीड महिना त्यानं काय काढला ते पाहिलंत तुम्ही." कप तिनं टेबलावर ठेवले. "माझ्यासमोर नका घालू फक्त."

ती आत गेली. धर्मसिंग चहा न घेताच उठला. विश्वजीतनं बाहेरच्या खोलीत जाऊन नाव लिहिलं, रक्तगट लिहिला, जन्मतारीख लिहिली. वय त्याला लिहावं लागलं नाही. ते मशीननं स्वतः मोजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रक्तपेढीत सहा जण आले. बाळापूरचा वैजनाथ आला, सोबत मेव्हण्याला घेऊन. भावसिंगला रक्त मिळालं, आणखी दोन लेकरांचीही सोय झाली. निलमनं विश्वजीतला फोन करून तेवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

मग ते तसंच सुरू राहिलं. मशीन चांगलं चालत होतं. इतकं सुरळीत ते आधीही चाललं नव्हतं. विश्वजीतच्या फोनवर मात्र आता दात्यांचे फोन येत. एकानं विचारलं, जाई कितवीत आहे. विश्वजीत म्हणाला, पाचवीत. त्याचा फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की सांगताना आपण बरोबर वर्ग मोजला. नंतर एकदा कुणाला त्यानं सांगितलं, सध्या तब्येत बरी आहे. कुणाला सांगितलं, चित्रं चांगली काढते. हे खरं होतं, ती काढायची. प्रत्येक वेळी तो घसा खाकरून बोलायचा आणि सुनीती दुसऱ्या खोलीत भांडी आवरायची.

संक्रांतीनंतर सुनीतीनं परभणीला बदली मागून घेतली. तिथं तिची आई एकटी असते, हे कारण खरं होतं. सामान बांधताना विश्वजीत म्हणाला, "नाव काढून टाकू का?"

"काढू नका."

"मग राहा ना."

"राहवत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही तिला वाढवताय. मला नाही जमत." तिनं बॅगेची चेन ओढली. "तुमची चूक आहे असं नाही म्हणत मी."

शनिवारी ती यायची, पुढं पुढं महिन्यातून एखाद्या शनिवारी.

भावसिंग त्या उन्हाळ्यात गेला. धर्मसिंग दहावा झाल्यावर भेटायला आला होता. भावसिंगचं नाव विश्वजीतनं त्याच दिवशी मशीनमधून काढलं. जाईचं राहिलं. बाकीची लेकरं होती, आणि एक नवीन आलं होतं, वसमतकडचं, अजून चालायलाही न शिकलेलं.

पाऊस लागायच्या सुमारास एकदा तो काही कामानं रक्तपेढीत गेला असताना एक बाई रक्त देऊन बिस्किट खात बसली होती. निलमनं ओळख करून दिली. कुरुंद्याची, प्रतिक्षा नावाची, शेतातून थेट आलेली, नखांत अजून हळदीचा पिवळा रंग. जाईच्या मेसेजवर ती चौथ्यांदा आली होती.

"तुमीच का तिचे वडील?" ती उठून उभी राहिली. "बसा ना. लई दिवसाचं मनात होतं तिला पाहावं म्हणून. माझी पोरगी बी तेवढीच हाय. घरी गेलं तर भेटंल का?"

निलम फ्रीजकडं वळली आणि आतल्या पिशव्या उगीच सारख्या करू लागली.

"घरी नाही ती," विश्वजीत म्हणाला. "परभणीला असते. आईजवळ."

"व्हय का," प्रतिक्षा म्हणाली. "बरं हाय मंग. लेकरू आईजवळच पाहिजे."

तिनं दंडावरचा कापूस दाबून धरला होता. विश्वजीतनं तिला सांगितलं की आता सोडला तरी चालेल, आणि ती जाईपर्यंत तिथं उभा राहिला.